भिंतीवरचं लुगडं

भिंतीवर पहिली पिचकारी दौलतभाऊंनीच मारली.

ठरलेला महिना पुरा व्हायला एक दिवस राहिला होता. बसस्टँडच्या त्या भिंतीपुढे स्टँडचे साहेब उभे होते, आमच्या कारखान्याचे नरेशबाबू होते, गुड्डू ठेकेदार होता आणि मी होते. दौलतभाऊ बसमधून उतरले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा त्यांनी काढला, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, नळाजवळ येऊन थांबले आणि ओरडायला तोंड उघडलं. तोंडात तंबाखूचा खर्रा होता. शब्द बाहेर आलाच नाही, खर्रा आला. सगळ्यात खालच्या ओळीतल्या एका टाइलवरून लाल ओघळ उतरला.

गुड्डूने टाळी वाजवली. "झालं! ज्याचं लुगडं त्यानंच रंगवलं. काढा आता."

त्या भिंतीवर दौलतभाऊंनी करवतकाठी लुगड्याचा काठ टाइल्सवर उतरवला होता. महिनाभर कोणी थुंकलं नाही तर भिंत तशीच राहणार होती. एक जरी पिचकारी पडली तर सगळ्या टाइल्स काढून तिथे देवांच्या टाइल्स लावायच्या होत्या. देव गुड्डूने आधीच आणून बाकाखाली खोक्यांत ठेवले होते. एकोणतीस दिवस त्या भिंतीवर थेंब पडला नव्हता. तिसाव्याला ही तऱ्हा.

बसस्टँड कुठलं ते सांगत नाही. ब्रह्मपुरीच्या पलीकडचं आहे एवढं पुरे. तिथले लोक भांडायला पुढे असतात, आणि माझं माहेर तिथलंच आहे.

दौलतभाऊ मूळचे विणकर, नागभीडकडचे. मी त्यांना ओळखलं ते टाइल्सच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची दोन शेड, एक भट्टी आणि वाऱ्याबरोबर माजरीच्या खाणीकडून येणारी कोळशाची धूळ. मी तिथे कच्च्या टाइल्स लेपात बुडवायचे. वीस वर्षं तेच केलं. नरेशबाबू कारखाना चालवायचे. शहरातली गिऱ्हाइकं त्यांना म्हणायला लागली की फुलं-पानं नकोत, तुमच्याकडचं काहीतरी दाखवा. आमच्याकडचं म्हणजे काय, हा प्रश्न नरेशबाबूंना पंधरा दिवस पडला होता. मग कोणीतरी दौलतभाऊंचं नाव सांगितलं.

ते आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर दुपट्टा होता, कमरेला दोऱ्याने बांधलेली एक झाकणाची डबी होती आणि खिशात वीतभर लांबीची काठाची पट्टी होती. काठ त्यांच्या बापाने विणलेला. डबी थुंकायची.

खर्रा आमच्या भागात सगळेच खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून देतात, दिवसभर गालात ठेवतात आणि दिसेल तिथे थुंकतात. आमच्याकडच्या सरकारी भिंतीचा मूळ रंग पाहायचा तर मान वर करावी लागते. पिचकारी पोचत नाही तिथून तो सुरू होतो. दौलतभाऊ मात्र उघड्यावर थुंकत नसत. माग म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायचं काम, समोर कोऱ्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, लुगडं. थुंकायला दर वेळी कोण उठणार? म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवायची सवय लावून घेतली होती. "चाळीस वर्सं बसलो मागावर," ते सांगायचे, "लुगड्यावर एक थेंब नाई पडू देल्ला."

हे सांगायला त्यांना आधी डबी उघडावी लागायची. एरवी तोंड भरलेलं. त्यामुळे त्यांचं बोलणं हुंकारात चालायचं. एक 'हूं' म्हणजे हो, दोन 'हूं हूं' म्हणजे नाही. नवीन माणसाला वाटायचं की म्हातारा मुका आहे. आम्हाला कधी कधी वाटायचं की असता तर बरं झालं असतं, कारण डबी उघडली की ते थांबत नसत.

कोणी नवीन भेटला की त्यांचा पहिला सवाल ठरलेला. "तुमच्या घरी उभं कोण अन् आडवं कोण?" मागावर उभे धागे ताणून बांधलेले असतात, हलत नाहीत. आडवा धागा धोट्यात बसून सारखा इकडून तिकडे पळतो. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक संसारात एक माणूस उभ्या धाग्याचं असतं आणि दुसरं आडव्याचं, आणि दोघं एकाच जातीचे निघाले की घर टिकत नाही. नरेशबाबूंनी बराच विचार करून सांगितलं की त्यांच्या घरी बायको उभी. मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "माझा नवरा दारू पिऊन आडवा, मी त्याला उचलायला उभी." त्यावर दौलतभाऊ इतके हसले की डबी शोधावी लागली. पुढे मला त्यांनी तो सवाल कधी केला नाही.

कामाला बसले आणि पहिल्याच दिवशी नरेशबाबूंशी जुंपली. करवतकाठी म्हणजे काठाला करवतीसारखे दात असलेलं लुगडं. नरेशबाबूंनी कागदावर पट्टीने तिरप्या रेघा मारून छान नागमोडी दात काढले होते. दौलतभाऊंनी कागद पाहिला आणि डबी उघडली.

"हे तं समोसे झाले, बाबू."

"दातच आहेत ना?"

"करवत पायरीनं चढते. धागा धागा करून. हे पाहा." त्यांनी खिशातली पट्टी काढली. खरंच, डोळ्याजवळ धरली तर दिसत होतं. दात सरळ चढत नव्हता, चार धागे वर, चार धागे आत, अशा पायऱ्या घेत होता.

"एवढं कोण पाहतं, दौलतभाऊ?"

"जे नेसते ते पाहाते."

"टाइल कोणी नेसत नाही."

"हूं हूं," दौलतभाऊ म्हणाले आणि डबी बंद करून कामाला लागले. पायऱ्याच काढल्या. आखायची पट्टी हातात धरलीच नाही. गेरूत भिजवलेला दोरा एका टोकाला दातात धरायचे, दुसरं टोक बोटाने ताणायचे आणि कच्च्या टाइलवर झटकायचे की बारीक रेघ उमटायची. दोऱ्याचं दातातलं टोक गेरूशिवायच लाल व्हायचं.

पहिल्या खेपेला त्यांनी एकशे चव्वेचाळीस टाइल्स केल्या, आणि त्या सगळ्या मिळून एकच लुगडं होतं. कोणतीही टाइल दुसरीसारखी नाही. कुठे दात टाइलच्या मध्ये संपलेला, कुठे काठावरून उडी मारून शेजारच्या टाइलमध्ये गेलेला. मागे आकडे नाहीत, कारण त्यांना सगळं पाठ. भट्टी लावणाऱ्यांना पाठ नव्हतं. त्यांनी जिथे जागा मिळाली तिथे टाइल्स रचल्या. भट्टी उघडल्यावर आम्ही तीन दिवस अंगणात गुडघ्यांवर बसून लुगडं जुळवत होतो. एक कोंबडी मधून चालत गेली तेव्हा नरेशबाबू तिच्यावरसुद्धा ओरडले.

"दौलतभाऊ, कोणतीही टाइल कोणत्याही टाइलशेजारी बसली पाहिजे. हाच धंदा आहे."

"सगळे सारखेच?"

"सगळ्या सारख्याच."

"घरात दोन भाऊ शेजारी बसत नाईत, अन् हे बसतीन?"

पण चार दिवस ते एक टाइल हातात घेऊन फिरवत बसले. पाचव्या दिवशी त्यांनी दात बरोबर मधोमध तोडला. अर्धा टाइलच्या या कडेला, अर्धा त्या कडेला. कोणतीही टाइल कोणत्याही टाइलला लावा, दोन अर्धे मिळून दात पुरा होत होता. टाइलचा खालचा अर्धा भाग काठाचा लाल, वरचा कोशाच्या रंगाचा, आणि मध्ये करवत. नरेशबाबूंनी दहा टाइल्स उलटसुलट फिरवून जुळवून पाहिल्या. जुळल्या. दौलतभाऊंनी त्या परत हव्या तशा फिरवून ठेवल्या. "जुळलं म्हणून बरोबर नाई," ते म्हणाले. "दात अंगाकडे पायजे." लुगड्यात करवतीचे दात नेहमी आत, नेसणारीच्या अंगाकडे असतात. भिंतीवर खालच्या ओळीचे दात वर पाहणार, वरच्या ओळीचे खाली. हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या स्वप्नात दात यायला लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा.

रंगाचं त्यांना कधीच पटलं नाही. आमचा लाल लेप लावताना राखाडी असतो, भट्टीत भाजला की लाल होतो. पहिल्यांदा मी टाइल बुडवली तेव्हा ते माझ्या हातातून ती हिसकावायला आले.

"पार्बताबाई, हे काय लावून राह्यल्या? शेण होय का?"

"भाजल्यावर लाल होते."

"हा रंग खोटा बोलते."

कोशाचा मधासारखा रंग तर सहा वेळा चुकला. कधी बेसनासारखा पिवळा, कधी दह्यासारखा. दौलतभाऊ रोज खिशात खरा कोसा घेऊन यायचे, रेशमाच्या किड्याचा वाळलेला कोष, आणि भट्टीतून निघालेल्या टाइलशेजारी ठेवायचे. मग दोन हुंकार. सातव्या वेळी एक हुंकार आला. नरेशबाबू खुर्चीत बसले ते तासभर उठलेच नाहीत.

भद्रावतीच्या बाजारात त्यांनी मार खाल्ला असता. मी बरोबर होते म्हणून वाचले. एका बाईने जुनं करवतकाठी लुगडं नेसलं होतं. आजकाल दिसत नाही. दौलतभाऊ कमरेत वाकून तिच्या मागे चालायला लागले, बोटं हवेत नाचवत. ती वांगी घ्यायला थांबली की हे थांबायचे. ती निघाली की हे निघायचे. तिच्या नवऱ्याने यांचा दुपट्टाच धरला.

"काय पाहून राह्यला बे, म्हाताऱ्या?"

"हूं हूं," दौलतभाऊ म्हणाले. तोंड भरलेलं. त्याने आणखी बिघडलं.

मी मध्ये पडले. "विणकर हाये तो, भाऊ. काठ मोजून राह्यला."

"माह्या बायकोचा?"

"लुगड्याचा!"

तोवर दौलतभाऊंनी डबी उघडली होती. "बाई, हे लुगडं तुमच्या सासूचं होय का?"

बाई घाबरून हो म्हणाली.

"माह्या बापानं इनलं. पायाजवळ एका जागी दोन दातांच्या मधात जागा सुटली हाये, पाहा. त्या दिवशी मी जल्मलो. बाप मागावरून उठला अन् आल्यावर मोजणी चुकली."

बाईने काठ उचलून पाहिला. जागा होती. आजूबाजूचे सगळे वाकून पाहायला लागले. नवऱ्याने दुपट्टा सोडला आणि तो म्हणाला, "म्हणजे तुमच्यापायी आमचं लुगडं बिघडलं म्हणा ना."

ही गोष्ट मी पुढे बऱ्याच जणांना सांगितली. मग सावलीच्या एका लग्नात दौलतभाऊंना दुसरं एक लुगडं दिसलं, त्यातही जागा सुटली होती, आणि त्याही दिवशी ते जन्मले होते. असे त्यांचे तीन जन्म मी स्वतः ऐकले. बाप विसराळू असावा, एवढं मात्र खरं.

आता त्यांची जी खोड आम्हाला भोवली, ती सांगते. त्यांनी केलेलं कोणतंही काम एका टाइलने कमी भरायचं. आधी वाटलं चोरी होते. मग वाटलं मोजणी चुकते. गडचिरोलीच्या एका डॉक्टरीणबाईच्या स्वयंपाकघरात गॅसच्या मागे चौकोनी भोक राहिलं. तिने तिथे घड्याळ लावलं आणि फोन करून नरेशबाबूंना रोज किती वाजले ते ऐकवायला लागली. शेवटी कळलं की प्रत्येक कामातली एक टाइल दौलतभाऊ आपल्या लोखंडी पेटीत ठेवतात. दुसरं काम आलं की आधीच्या कामातली ती टाइल समोर मांडायची, तिच्यावरून पहिला दोरा धरायचा आणि मग सुरू करायचं.

नरेशबाबू चिडले. दौलतभाऊंनी शांतपणे डबी उघडली.

"लुगडं कापून घेतलं तरी मागावर वीतभर धागे तसेच ठेवतेत, बाबू. नव्या ताण्याचे धागे त्यायलेच एक एक करून वळून जोडाचे. सारे धागे काढून टाकले तं पुढचं लुगडं कायले जोडसान? माग रिकामा नाई कराचा."

"ही टाइल आहे! टाइल जोडायची नसते!"

"हूं हूं."

"कधीच केला नाही का माग रिकामा?" मी विचारलं.

"एकदा केला," ते म्हणाले. "मंग त्याच्या लाकडाले बकऱ्या बांधल्या." आणि डबी बंद केली. त्या दिवशी परत उघडली नाही.

बसस्टँडचं काम निघालं ते असं. नवी भिंत बांधून महिना झाला नव्हता आणि कमरेपर्यंत लाल झाली होती. स्टँडच्या साहेबांनी पुन्हा चुना मारला. आठ दिवसांत पुन्हा लाल. म्हणून टाइल्स लावायचं ठरलं, आणि गुड्डू ठेकेदाराने देव सुचवले. देवावर कोणी थुंकत नाही, असा त्याचा हिशोब. तो नमुन्याचं एक खोकं घेऊन आमच्या कारखान्यात भाव करायला आला होता, की तुम्ही देव छापून द्याल का.

"सगळ्या धर्मांचे टाकतो," तो म्हणाला. "कोणाची तक्रार नको." मग माझ्याकडे पाहून, "तुमचा बुद्ध पण टाकतो, बाई."

"आमचा बुद्ध थुंकीची राखण करायला बसला नाई," मी म्हणाले.

तेवढ्यात दौलतभाऊंनी एक गोष्ट केली जी मी आधी कधी पाहिली नव्हती. डबी शोधायलाही न थांबता त्यांनी खर्रा गिळला. डोळ्यांत पाणी आलं. "देवाले कायले उभं करता तिथी?" ते म्हणाले. "त्यायचा काय गुन्हा? लुगडं लावा. मायच्या लुगड्यावर कोणी थुंकत नाई."

गुड्डू हसला. "लुगडं पाहून थुंकी थांबते?"

"महिनाभर लावून पाहा. एक थेंब पडला तं मी सोता काढतो."

साहेबांना हे आवडलं. त्यांनी एका कागदावर करार लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या. दौलतभाऊंचा माग बंद होऊन बारा वर्षं झाली होती. इतकं मोठं लुगडं त्यांनी त्यानंतर केलं नव्हतं, आणि चारचौघांत दिसेल असं तर कधीच नाही. ते दोन महिने या कामाशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. म्हणजे हुंकारही कमी केले.

टाइल्स गेल्या आणि त्याच आठवड्यात त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. डॉक्टरने महिनाभर धूळ आणि प्रवास बंद सांगितला. भिंतीवर टाइल्स लागल्या त्या त्यांच्या गैरहजेरीत. आणि अर्थातच एक टाइल कमी पडली, नळाजवळ, खालच्या ओळीत. साहेबांचा फोन आला की गुड्डू म्हणतो काम अपुरं आहे, करार सुरूच होत नाही. नरेशबाबू माझ्याकडे बघत बसले. मी शेडमध्ये ठेवलेली दौलतभाऊंची पेटी उघडली, या कामातली टाइल काढली, तीन बस बदलून स्टँडवर गेले आणि मिस्त्रीच्या हातात दिली.

मी नळावर पाणी प्यायला वळले. पाहते तर टाइल बसली होती, लाल वर, कोसा खाली, दात जमिनीकडे.

"उलटी लावली."

"सिमेंट धरलं, बाई. आता काढली तं फुटते."

"मग?"

"मंग काय? लोकायले वाटन डिझाइन हाये."

माझी बस लागली होती. मी गेले. आणि लोकांना खरंच डिझाइन वाटलं. साहेब तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की ती मुद्दाम तशी ठेवली आहे.

त्या महिन्यात मी माहेरी दोनदा जाऊन आले, म्हणून पाहिलं ते सांगते. गालफडं फुगवलेले बाप्ये भिंतीकडे यायचे, काठ पाहायचे, इकडेतिकडे पाहायचे आणि नालीकडे जायचे. एकजण म्हणाला, "हे तं माह्या मायच्या लुगड्यावानी हाये," आणि त्याने गिळलं. मग त्याला उचकी लागली आणि त्याची बस चुकली. पण मला दुसरीच गोष्ट दिसली. आधी त्या स्टँडवर बायका मध्येच, छपराखाली पिशव्या धरून उभ्या राहायच्या. टेकायला भिंतच नव्हती. जिथे टेकाल तिथे लुगड्याला डाग. आता त्या भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेल्या असायच्या. उकडलेले शिंगाडे विकणारी भागीरथाबाई तर टोपलं घेऊन तिथेच बसायला लागली होती. पाय पसरून.

आता पुन्हा त्या तिसाव्या दिवसाकडे.

दौलतभाऊंना नव्या डोळ्यांनी पहिली गोष्ट दिसली ती उलटी टाइल. ओरडले ते त्यासाठी. बाकी कोणाला कळलं नाही, मला कळलं. मी नळाकडे पाहत उभी राहिले.

सगळ्यात आधी भागीरथाबाई उठली. तिने टोपल्यावरचं ओलं फडकं दौलतभाऊंच्या हातात कोंबलं. "पुसा. म्हातारपणी लाज नाई?"

त्यांनी पुसलं. मग गुड्डूकडे हात केला आणि छिन्नी मागितली. तोंड आता रिकामं होतं, त्यामुळे शब्द स्पष्ट आले.

"शब्द देल्ला होता. काढतो."

ते खाली बसले आणि उलटी टाइल काढायला लागले. इतकं हळू, की दोन बस लागून निघून गेल्या. साहेब दोनदा घड्याळ बघून आले. टाइल अख्खी निघाली, कोपराही उडाला नाही. मिस्त्री खोटं बोलला होता. दौलतभाऊंनी ती दुपट्ट्याने पुसली आणि छिन्नी गुड्डूला परत दिली.

"बाकीच्या तुमी काढा. माह्यानं होत नाई."

गुड्डू पुढे झाला. "उठा बाई, सरका."

भागीरथाबाई परत आपल्या जागी जाऊन बसली होती. "कायले?"

"टाइल्स काढायच्या आहेत. देव लागणार."

"देव लागल्यावर आमी कुठी टेकाव?"

"म्हणजे?"

"देवाले पाठ लावून बसू का? त्यायच्या तोंडावर अंबाडा घासू? पाप कोणाच्या माथी, तुह्या?"

शेजारची बाई म्हणाली, "मी तं गणपतीले नाई टेकत बा." तिसरीने आपली पिशवी मागे सरकवून पाठ आणखी घट्ट लावली. ओळीतली एकही उठली नाही. एक कॉलेजची पोरगी उभी होती, ती पण येऊन बसली.

"साहेब, करार आहे," गुड्डू म्हणाला.

साहेब म्हणाले, "हो, करारात तर हे नव्हतं..."

"करार करताना आमाले कोणं इचारलं होतं?" भागीरथाबाई म्हणाली. "महिना झाला, पह्यल्यांदा इथी ढुंगण टेकवाले जागा भेटली. थुंकला तो म्हातारा. पुसून बी देल्लं त्यानं. आता कायचं भांडण?"

साहेबांनी भिंत पाहिली, बायका पाहिल्या, देवांची खोकी पाहिली. मग ते आत गेले आणि माइकवरून गडचिरोलीची बस लागल्याचं सांगितलं. बस लागली नव्हती. पण निकाल तो होता.

गुड्डूने ते देव पुढे कुठल्याशा इमारतीच्या जिन्यात लावले. तिथे लोक देवांना चुकवून बरोबर मधल्या फटीत थुंकतात.

परतीच्या बसमध्ये दौलतभाऊ माझ्या पुढच्या सीटवर खिडकीला होते. मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेली टाइल. भिंतीतलं भोक तसंच राहिलं होतं, म्हणजे सगळं त्यांच्या मनासारखंच झालं होतं, आणि ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. वैनगंगेचा पूल येईपर्यंत त्यांनी नवा खर्रा गालात भरला होता. मग मागे वळून त्यांनी तो काळा चष्मा माझ्यावर रोखला, दुपट्ट्यातली टाइल काढली, हातात उलटी फिरवून दाखवली आणि भुवया वर केल्या.

"मिस्त्रीनं लावली," मी म्हणाले.

"हूं हूं," दौलतभाऊ म्हणाले आणि पुढे वळले.

त्यानंतर तेवढं मोठं काम त्यांच्याकडे आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांनी घरी नेलेली पेटी त्यांच्या सुनेने कारखान्यात आणून दिली, तिच्यात अकरा टाइल्स होत्या. स्टँडची ती मी घरी आणली. चहाचं पातेलं तिच्यावर ठेवते. दात चुलीकडे नाही, माझ्याकडे करून.

भिंत अजून आहे. खालच्या ओळीत नळाजवळ भोक आहे, त्यात भागीरथाबाई आपली चिल्लर ठेवते. स्टँडचे ते साहेब निवृत्त होऊन गेले आणि वर्षभरात वारले. त्या दिवशी भिंतीपाशी एकमेकांच्या ओळखीचे जे होतो त्यातले नरेशबाबू, गुड्डू ठेकेदार, भागीरथाबाई आणि मी, एवढे जिवंत आहोत.